दुकान बेळगावात, गोदाम शिनोळीत, काउंटर साखळीत : जुन्या ॲक्सेस प्रोग्रॅमवर लांबून काम करायचं कसं?

बेळगावच्या शहापूर भागात पाइप, मोटरपंप आणि त्यांचे सुटे भाग विकणारं एक दुकान आहे. मालक ओळखीचे आहेत, पण नाव छापू नका म्हणाले, म्हणून छापत नाही. दुकान कर्नाटकात. गोदाम शिनोळीला, म्हणजे महाराष्ट्रात. आणि चोर्ला घाट उतरून गेलं की गोव्यात साखळीला एक छोटं काउंटर. जीएसटीचे नंबर तीन : एक २९ ने सुरू होणारा, एक २७ ने आणि एक ३० ने. हिशेबाचा प्रोग्रॅम मात्र एकच, आणि तो राहतो दुकानात दिवाणजींच्या टेबलाखालच्या कॉम्प्युटरवर. २००४ साली एका मुलाने मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसमध्ये करून दिलेला. बिल, स्टॉक, उधारी, सगळं त्यात. २०१७ ला जीएसटी आला तेव्हा त्याच मुलाने पुण्याहून येऊन चार दिवस बसून तो बदलून दिला. त्यानंतर तो मुलगा परदेशात गेला.

मग रोजचं चित्र असं. शिनोळीहून फोन : "दिवाणजी, त्या कोवाडच्या पाव्हण्यांची बाकी किती हो? माल देऊ का?" साखळीहून फोन : "तीन एचपीची मोटर शिल्लक आहे काय बघा जरा." दिवाणजी इथलं बिल अर्धवट ठेवून बघणार, सांगणार, तिकडचा माणूस कच्च्या वहीत लिहिणार, संध्याकाळी ती वही व्हॉट्सॲपवर येणार आणि दिवाणजी रात्री नऊपर्यंत बसून भरणार. मागच्या पावसाळ्याच्या तोंडाला शिल्लक असलेली एकच मोटर बेळगावात विकली गेली आणि साखळीतही विकली गेली. साखळीच्या गिऱ्हाइकाने आगाऊ पैसे दिलेले. मालक म्हणाले, "तुम्ही कॉमर्सवाले, वर कॉम्प्युटरचं कळतं म्हणता. हा प्रोग्रॅम तिकडं दोघांना दिसंल असं काही होतं काय बघा की. नवा करा म्हणून तेवढं सांगू नका."

हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही. आमच्या भागात पतसंस्था, दवाखाने, शाळा, वाचनालयं, ट्रान्सपोर्टवाले, कितीतरी जणांचा कारभार आजही ॲक्सेस नाहीतर फॉक्सप्रोवर चालतो. इंदूर, बडोद्याकडच्या मंडळांच्या सभासद-याद्या पाहिल्या तरी वेगळं काही दिसायचं नाही. प्रोग्रॅम चालतो, माणसांच्या हाताला बसलाय, आणि बदलायला पैसे लागतात. म्हणून नवा प्रोग्रॅम न करता, आहे तोच लांबून वापरायचे मार्ग कोणते, त्यातले कुठले घातक आणि कुठले परवडणारे, हे मी या दुकानाच्या निमित्ताने शोधलं. ते इथं मांडतोय.

आधी हे कळायला हवं : ॲक्सेसमध्ये 'सर्व्हर' नसतो

बँकेत खात्याची बाकी विचारली तर तुमच्या शाखेतला कॉम्प्युटर लांबच्या सर्व्हरला एक प्रश्न पाठवतो आणि सर्व्हर एक उत्तर पाठवतो. ॲक्सेसचं तसं नाही. तिथे आहे एक फाईल. दुकानातल्या तीन कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम चालतो म्हणजे तिघंही नेटवर्कवरून त्या एकाच फाईलमध्ये हात घालतात. शोधायचं काम फाईल जिथे आहे तो कॉम्प्युटर करत नाही, ज्याने विचारलं त्याचा कॉम्प्युटर करतो. तो फाईलची ४ केबीची एकेक पानं मागवत जातो : आधी अनुक्रमणिकेची, मग नोंदींची. फॉक्सप्रोचंही तत्त्व हेच, फक्त तिथे प्रत्येक टेबलाची वेगळी डीबीएफ फाईल असते.

दुकानातल्या केबलवर एक पान मागून यायला एक मिलिसेकंदसुद्धा लागत नाही. शिनोळीहून मोबाईल नेटवर, समजा, ५० मिलिसेकंद लागले. एका उधारीच्या रिपोर्टला अशा २,००० मागण्या झाल्या, तर दुकानात एक-दोन सेकंदांत येणारा रिपोर्ट शिनोळीत १०० सेकंद घेणार. नेटचा 'स्पीड' वाढवून यात फार फरक पडत नाही, कारण अडचण पाइपच्या जाडीची नाही, प्रत्येक वेळच्या जाण्यायेण्याची आहे. शंभर एमबीपीएसचं कनेक्शन घेऊनही प्रोग्रॅम रांगतोच, आणि मग लोक नेटवाल्याला शिव्या देतात.

पण हळू चालणं हा लहान त्रास. खरा धोका वेगळा. पान लिहिलं जात असताना मधेच लाईन तुटली, तर फाईल अर्धी लिहिलेली राहते. ॲक्सेसला दुसऱ्या दिवशी ती ओळखू येत नाही, दुरुस्त करा म्हणतो. बऱ्याचदा दुरुस्त होते. कधी कधी काही नोंदी गळून जातात. आणि कुठल्या गळल्या हे कोणी सांगत नाही. पावसाळ्यात आंबोली, चंदगड, खानापूरच्या पट्ट्यात लाईट आणि नेटवर्क दिवसातून किती वेळा जातं हे वाचकांना सांगायला नको.

म्हणून पहिला मार्ग, जो बहुतेक कॉम्प्युटरवाले सुचवतात, तो मी सरळ बाद करतो : व्हीपीएन जोडायचं आणि बेळगावचं फोल्डर शिनोळीच्या कॉम्प्युटरवर झेड ड्राइव्ह म्हणून दाखवायचं. व्हीपीएन ही चांगली गोष्ट आहे, तिच्याकडे पुढे येतो. पण तिच्यावरून ॲक्सेसची फाईल ओढायची नाही.

दुसरा बाद मार्ग म्हणजे फाईल गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स असल्या ठिकाणी ठेवून सगळ्यांनी उघडायची. ही यंत्रणा फोटो आणि वर्डच्या फायलींसाठी ठीक. ॲक्सेसची फाईल तिला एक अख्खा गठ्ठा म्हणून दिसते. दोघांनी दोन ठिकाणी उघडली की दोघांकडे आपापली प्रत, आणि शेवटी एकाची दुसऱ्यावर बसते किंवा 'कॉन्फ्लिक्ट कॉपी' म्हणून बाजूला पडते. आमच्या भागातल्या एका संस्थेत मी हे डोळ्यांनी पाहिलंय. दोन शाखांनी अकरा दिवस अशा प्रतींवर काम केलं. दोन्हीकडे पावती क्रमांक तेच, नावं वेगळी. ते जुळवायला तीन माणसं एक आठवडा बसली होती, त्यात मी एक. चहा चांगला होता एवढंच.

पावती क्रमांकाचा मुद्दा व्यापाऱ्यांनी हलका घेऊ नये. जीएसटीच्या नियम ४६ प्रमाणे बिलाचा क्रमांक त्या नोंदणीखाली त्या आर्थिक वर्षात एकमेव हवा, सलग हवा, आणि १६ अक्षरांपेक्षा मोठा नको. दोन प्रतींवर काम करून एकाच क्रमांकाची दोन बिलं निघाली तर तो नुसता कॉम्प्युटरचा घोळ राहत नाही. त्यात बेळगावचा माल शिनोळीला पाठवला, मालक एकच असला तरी, दोन राज्यांतल्या दोन नोंदण्या म्हणजे जीएसटीच्या लेखी दोन वेगळ्या व्यक्ती. बिल करावंच लागतं, आणि माल ५० हजारांच्या वर असेल तर ई-वे बिलही. सीमेवर धंदा करणाऱ्याला म्हणूनच नोंद त्याच दिवशी, त्याच वेळी, एकाच ठिकाणी होणं गरजेचं असतं. मी २००२ मध्ये एका हिशेबनिसाकडे कामाला होतो तेव्हा शाखेची फ्लॉपी एस.टी.तून कंडक्टरच्या हाती यायची आणि शनिवारी आम्ही ती 'मर्ज' करायचो. तेव्हा चालायचं. आता चालत नाही.

फाईल जागेवर, पडदा लांब

मग उपाय काय? फाईल हलवायची नाही. प्रोग्रॅमही हलवायचा नाही. दोन्ही बेळगावात, एकाच केबलवर. लांबच्या माणसाला फक्त पडदा दाखवायचा. त्याने दाबलेली बटणं इकडे येतात, इकडचं चित्र तिकडे जातं. फाईलच्या दृष्टीने शिनोळीचा माणूस बेळगावच्या दुकानातच बसलेला असतो. यालाच रिमोट डेस्कटॉप म्हणतात.

यातला मोठा फायदा मला आधी लक्षात आला नव्हता. लाईन तुटली तरी इकडचं काम तुटत नाही. शिनोळीत लाईट गेली, अर्धं भरलेलं बिल बेळगावच्या कॉम्प्युटरवर तसंच उघडं राहतं. दहा मिनिटांनी परत जोडलं की जिथे होतो तिथेच. फाईलला धक्का नाही. आणि डेटाही फार लागत नाही, मोबाईलच्या हॉटस्पॉटवर काम होतं.

पण इथे तीन अडचणी येतात, आणि आपल्याकडे घोटाळा होतो तो इथेच.

पहिली, एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर पुरेल का? मालकांना रात्री घरून एकदा विक्री बघायची असेल तर पुरेल. रोजच्या कामाला नाही. कारण तुम्ही जोडलात की समोरच्याचा माऊसच तुमच्या हातात येतो, दिवाणजींनी हात वर करून बसायचं. फुकटची आवृत्ती ही वैयक्तिक वापरासाठी असते, धंद्यासाठी परवाना विकत घ्यावा लागतो. आणि अनोळखी माणसाने फोनवर "हे ॲप टाका आणि नंबर सांगा" म्हटलं तर तो नंबर कधीच सांगायचा नाही. एनीडेस्कच्या नावाने होणाऱ्या अशा फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने २०१९ च्या फेब्रुवारीतच बँकांना सावध केलं होतं. ॲप वाईट नाही, नंबर मागणारा वाईट असतो.

दुसरी अडचण विंडोजच्या परवान्याची. विंडोज होम आवृत्तीत लांबून रिमोट डेस्कटॉपने आत येता येत नाही, प्रो लागते. आणि प्रो असली तरी एका वेळी एकच माणूस. शिनोळीवाला आत आला की दिवाणजींचा पडदा कुलूपबंद. यावर बाजारात एक जुगाड चालतो : विंडोजची एक फाईल बदलून एकाच प्रोवर चारपाच जणांना बसवतात. कमी पैशात होतं म्हणून लोक करून घेतात. तो परवान्याचा भंग आहे, आणि विंडोजचा पुढचा अपडेट आला की तो बंद पडतो, नेमका मार्च अखेरीला.

सरळ मार्ग दोन. माणसं पाचसहाच्या वर असतील तर विंडोज सर्व्हर घ्यायचा आणि प्रत्येक माणसामागे रिमोट डेस्कटॉपचा परवाना, ज्याला कॅल म्हणतात. सर्व्हर बसवल्यावर पहिले १२० दिवस हे परवाने नसले तरी चालतं, त्यामुळे काही विक्रेते ते लावतच नाहीत. चार महिन्यांनी एके सकाळी कोणीच आत जाऊ शकत नाही. बिलावर कॅलची ओळ आहे का, ती बघून मग पैसे द्या.

लांबचे दोघं-तिघंच असतील तर मला पटलेला मार्ग याहून साधा आहे. दुकानातच दोन छोटे जुने कॉम्प्युटर ठेवा, विंडोज प्रोचे, स्क्रीनशिवाय, कपाटाच्या वर. एक शिनोळीच्या माणसाचा, एक साखळीच्या माणसाचा. दोन्ही केबलने त्याच नेटवर्कवर. वायफायने नको, ॲक्सेसला वायफायचंही वावडं आहे. शिनोळीवाला आपल्या कॉम्प्युटरमध्ये शिरतो, साखळीवाला आपल्या. दिवाणजींना कोणी हलवत नाही. प्रत्येकाकडे प्रोग्रॅमच्या फॉर्म-रिपोर्टची स्वतःची प्रत, आणि आकड्यांची फाईल मात्र एकच, मधल्या कॉम्प्युटरवर. तुमचा प्रोग्रॅम असा दोन भागांत विभागलेला नसेल तर आधी तो विभागून घ्या. ॲक्सेसमध्येच त्याची सोय आहे. एकच फाईल सगळ्यांनी उघडून काम करणं ही बिघाडाची सगळ्यात सामान्य वाट.

लांबच्या कॉम्प्युटरला चालू करायला तिथे कोण जाणार? सुरुवातीच्या सेटिंगमध्ये, ज्याला बायोस म्हणतात, लाईट आल्यावर आपोआप सुरू होण्याची सोय बहुतेक कॉम्प्युटरना असते. ती लावा. यूपीएस तर पाहिजेच, आणि राउटरलाही. लोक कॉम्प्युटरला यूपीएस लावतात आणि राउटर भिंतीच्या साध्या प्लगवर असतो.

दार उघडं टाकून झोपू नका

तिसरी अडचण सगळ्यात गंभीर, म्हणून वेगळी लिहितो. रिमोट डेस्कटॉप ३३८९ क्रमांकाच्या पोर्टवर ऐकतो. ते पोर्ट राउटरमधून थेट इंटरनेटवर उघडलं की काम लगेच सुरू होतं. पाच मिनिटांचं काम, म्हणून बरेच जण तेच करून देतात. पण जगभर असे प्रोग्रॅम चोवीस तास फिरत असतात, ज्यांचं काम हे पोर्ट कुठे उघडं आहे ते शोधणं आणि पासवर्डवर पासवर्ड लावून बघणं एवढंच. २०१९ च्या मे महिन्यात ब्लूकीप नावाची खोट सापडली, जिच्यात पासवर्ड नसतानाही जुन्या विंडोजमध्ये शिरता येत होतं. धोका इतका मोठा होता की मायक्रोसॉफ्टने कधीच बंद केलेल्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती काढली.

सीमेच्या अलीकडच्याच एका कार्यालयात हे झालंय. पोर्ट उघडं, पासवर्ड संस्थेचं नाव आणि १२३. सोमवारी सकाळी सगळ्या फायलींची नावं बदललेली, आणि पडद्यावर इंग्रजीत पैशांची मागणी. बॅकअप होता, पण तो त्याच कॉम्प्युटरच्या डी ड्राइव्हवर. तोही गेला. त्यांनी नंतर दीड वर्षाच्या पावत्या हाताने भरल्या.

तेव्हा आधी व्हीपीएन, मग त्याच्या आत रिमोट डेस्कटॉप. व्हीपीएन म्हणजे तुमच्या ठरावीक कॉम्प्युटरनाच दिसणारी आतली वाट. बाहेरच्याला तुमचं दारच दिसत नाही. पूर्वी यासाठी स्टॅटिक आयपी लागायचा, आणि आजकाल मोबाईल कंपन्या व बरेच फायबरवाले शेकडो गिऱ्हाइकांना मिळून एकच पत्ता देतात, त्यामुळे बाहेरून आत येताच येत नाही. टेलस्केल, झीरोटियर यांसारख्या सेवा स्टॅटिक आयपीशिवाय ही वाट जोडतात. धंद्याच्या वापराच्या अटी वाचून घ्या. राउटर चांगला असेल तर वायरगार्ड किंवा ओपनव्हीपीएन त्याच्यातच बसतं. प्रत्येकाला वेगळं नाव, वेगळा पासवर्ड. "सगळ्यांना एकच ठेवा, लक्षात राहतं" हे म्हणणं मी तीन ठिकाणी ऐकलंय.

आणि हल्ला झालाच तर लपवायचं नाही. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे अशी घटना कळल्यापासून ६ तासांत कळवावी लागते.

भाड्याचा कॉम्प्युटर, आणि सर्व्हरवर नेलेली टेबलं

'टॅली ऑन क्लाउड' म्हणून जे विकतात ते बहुतेक वेळा याच पडद्याच्या युक्तीचं भाड्याचं रूप असतं. विंडोजचा कॉम्प्युटर कुठल्यातरी डेटा सेंटरमध्ये, आपण दरमहा भाडं द्यायचं. ॲक्सेससाठीही हे होतं. लाईटची कटकट संपते. पण बेळगावातले दिवाणजीही मग लांबचेच होतात, दुकानाचं नेट गेलं की दुकानातच बिल होत नाही. तुमच्याकडे नेटच्या दोन वेगवेगळ्या लाइनी असतील तरच याचा विचार करा. भाडं थकलं तर फाईल परत कशी मिळणार हे आधी लेखी घ्या.

पुढची पायरी म्हणजे फॉर्म आणि रिपोर्ट ॲक्सेसचेच ठेवून आतली टेबलं खऱ्या सर्व्हरवर नेणं. मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस फुकट मिळतो. २०२२ पर्यंतच्या आवृत्त्यांत एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे, आणि ॲक्सेसची फाईल मुळात २ जीबीच्या वर जाऊच शकत नाही, म्हणजे आपल्याला भरपूर. टेबलं हलवायला एसएसएमए नावाचं साधनही फुकट आहे. यानंतर लाईन तुटली तरी फाईल बिघडण्याची भीती जवळपास संपते, कारण लिहिण्याचं काम सर्व्हर करतो आणि अर्धवट राहिलेलं मागे घेतो.

ऐकायला सोपं, करायला नाही. ज्या टेबलाला प्रायमरी की नाही ते जोडल्यावर नुसतं वाचता येतं, त्यात लिहिता येत नाही. 'होय/नाही'च्या रकान्यात रिकामं राहिलं असेल तर "दुसऱ्या कोणीतरी ही नोंद बदलली" असा खोटाच निरोप येतो. आणि जुने फॉर्म उघडताना सगळं टेबल मागवणारे असतील तर लांबून ते पूर्वीइतकेच रांगतात. म्हणजे ॲक्सेस जाणणारा माणूस काही आठवडे बसायला हवा. तो मिळाला तर हा मार्ग उत्तम, नुसता विझार्ड चालवून मात्र काम होत नाही.

आणि आपल्याकडे आणखी एक खास दुखणं : मराठी. २००४ च्या प्रोग्रॅममध्ये गिऱ्हाइकांची नावं श्रीलिपी, आकृती किंवा तसल्या फाँटमध्ये भरलेली. फाईलमध्ये ती मराठी नाहीतच, इंग्रजी चिन्हं आहेत, फाँट लावला की मराठी दिसतात. पडदा लांब नेताना ही अडचण येत नाही, फाँट जिथे प्रोग्रॅम आहे तिथे असला की झालं. पण सर्व्हरवर किंवा वेबवर जायचं तर सगळी नावं युनिकोडमध्ये बदलावी लागतात. बदलणारी साधनं आहेत, मात्र पहिली वेलांटी आणि रफार हमखास जागा सोडतात. त्यात इथल्या काही दुकानांत अर्धी नावं मराठीत, अर्धी कन्नड फाँटमध्ये. बदलल्यावर सगळी नावं एकदा माणसाने वाचायला हवीत, उधारीची तर हवीतच.

फॉक्सप्रोवाल्यांसाठी थोडं वेगळं. व्हिज्युअल फॉक्सप्रोची शेवटची आवृत्ती, ९, ही २००४ ची, आणि तिचा सपोर्ट जानेवारी २०१५ मध्ये संपला. तरी ती आजच्या विंडोजवर चालते आणि वरची पडद्याची युक्ती तिलाही लागू पडते. डॉसचं फॉक्सप्रो मात्र ६४ बिटच्या विंडोजवर चालत नाही आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच आहे. डॉसबॉक्ससारख्या प्रोग्रॅमच्या आत ते चालवता येतं, पण तिथे पोचलेल्यांनी आता नव्याची तयारी सुरू केलेली बरी.

नवा, वेबवरचा प्रोग्रॅम करून घेणं हा अखेरचा मार्ग. करायला हरकत नाही, पण वीस वर्षांत त्या जुन्या प्रोग्रॅममध्ये किती बारीकसारीक गोष्टी भरल्यात हे मालकालाही माहीत नसतं. ती यादी दिवाणजींच्या डोक्यात असते. ते निवृत्त होण्याआधी लिहून घ्या. आणि 'आयता' उपाय घेताना जपून. ॲक्सेसचे फॉर्म वेबवर नेण्याची सोय खुद्द मायक्रोसॉफ्टने शेअरपॉइंटमध्ये दिली होती, ती २०१८ च्या एप्रिलमध्ये बंद केली.

कुठलाही मार्ग घ्या, त्याआधी एक तपासा. तुमच्याकडे प्रोग्रॅमची फाईल एमडीबी आहे की एमडीई? एमडीई म्हणजे कोड काढून घेतलेली, सीलबंद प्रत. ती चालते, पण तिचे फॉर्म कोणालाच बदलता येत नाहीत. मूळ एमडीबी करणाऱ्याकडेच राहिलेली असते. त्याला आजच फोन करा. ॲक्सेस ९७ ची फाईल असेल तर २०१३ पासूनचं ॲक्सेस ती उघडतच नाही, मधल्या काळातलं ॲक्सेस शोधून आधी ती पुढच्या रूपात आणावी लागते. आणि नवीन कॉम्प्युटरवर ॲक्सेस किंवा त्याचा फुकट मिळणारा रनटाइम टाकताना ३२ बिटचा टाका. जुन्या फॉर्ममधलं कॅलेंडर वगैरे ६४ बिटमध्ये उघडत नाही.

दुकानात काय केलं

शहापूरच्या दुकानात आम्ही आधी मालकांना एकच विचारलं : तिकडे बिल करायचंय की नुसतं बघायचंय? साखळीला सुरुवातीला नुसतं बघायचं होतं. त्यासाठी रोज तीन वेळा शिल्लक मालाची पीडीएफ आपोआप निघून व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकायची, एवढ्यावर दोन महिने काम भागलं. बऱ्याच ठिकाणी एवढंच पुरतं, आणि याला काही खर्चही नाही.

नंतर दोन वापरलेले कॉम्प्युटर घेतले, प्रोचे, विंडोज ११ चालणारे, कारण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. दिवाणजींचंही मशीन त्यामुळे बदलावं लागलं, त्याचा खर्च मालकांना थोडा टोचला. व्हीपीएन जोडलं. परदेशातल्या त्या मुलाला मेसेज केला, त्याने रात्री दोन वाजता मूळ एमडीबी पाठवली, वर "काका, अजून चालतंय?" असं विचारलं. रोज रात्री फाईलची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर जाते, आणि ती डिस्क शनिवारी मालकांच्या घरी. दुसरी डिस्क तिच्या जागी येते.

छपाईने मात्र रडवलं. शिनोळीचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर रिमोटमधून बिल चित्रासारखं काढायचा, एका बिलाला दोन मिनिटं आणि कान किटतील एवढा आवाज. शेवटी बिलाची पीडीएफ करून तिकडच्या साध्या लेझर प्रिंटरवर काढायचं ठरलं. तीन राज्यांच्या तीन बिल-मालिका, क्रमांकाआधी बी, एस आणि जी.

दिवाणजी आता संध्याकाळी सात वाजता घरी जातात. पहिल्या आठवड्यात त्यांना साखळीच्या माणसाची बिलं आपल्या पडद्यावर आपोआप येताना बघून चैन पडेना, ते प्रत्येक बिल फोन करून विचारायचे. टेबलं सर्व्हरवर न्यायची का, हे मालक मार्चनंतर ठरवणार आहेत. तोवर उधारीच्या खात्यांतली सोळाशे नावं युनिकोडमध्ये वाचून घ्यायचं काम त्यांच्या मुलीने अंगावर घेतलंय. परवापर्यंत ती 'क'च्या नावांपर्यंत आली होती.